पाकिटांचा निकाल

महिन्याचा शेवटचा रविवार आला, पोह्यांच्या बशा सिंकमध्ये गेल्या, की वल्लरीच्या घरात निकाल लागायचा. माणसांचा नाही, पाकिटांचा.

पाकिटं आठ होती. दूध, भाजी, किराणा, वीज-गॅस, शाळा, रिक्षा, औषध आणि ‘इकडचं-तिकडचं’. पगार झाला की वल्लरी बँकेतून रोख काढून आणायची आणि ज्याचं माप त्याच्या पोटात घालायची. मोबाइलवरून दिलेले पैसे गेलेले कळत नाहीत, नोट सुटताना मात्र बोटांना कळतं, असं तिचं म्हणणं. महिनाअखेर ज्याच्या पोटात काही उरलं ते पाकीट पास, रिकामं निघालं ते नापास. उरलंसुरलं सगळं नवव्या, जाड खाकी पाकिटात जायचं. त्याच्यावर एकच शब्द लिहिलेला होता. घर.

केदार, तिचा नवरा, हेडमास्तर व्हायचा. सात वर्षांची उर्वी शिपाई. पाकिटं एकेक करून सतरंजीवर उलटी करायचं काम तिचं.

“भाजी!” केदारनं हाक दिली.

उर्वीनं पाकीट झटकलं. “एकशेचाळीस!”

“पास. शाबास. मटारच्या दिवसांत एवढे मार्क म्हणजे अभ्यास केलेला दिसतो. रिक्षा!”

झटकून झटकून एक रुपयाचं नाणं पडलं.

“नापास,” वल्लरी म्हणाली. “आणि का, ते हेडमास्तरांनीच सांगावं.”

“अगं, बुधवारी उशीर झालेला...”

“बुधवारी, गुरुवारी आणि शुक्रवारी. हेडमास्तरांना शेअर रिक्षात बसायची लाज वाटते.”

“लाज नाही गं. मांडी बधिर होते.”

उर्वी खिदळली, आणि खिदळता खिदळता खोकली. कोरडा, बारीक खोकला. डिसेंबर तोंडावर आला की कोलशेतच्या हवेत समोरच्या टॉवरच्या बांधकामाची धूळ तरंगते, खाडीकडून ओल येते आणि दोन्ही मिळून पोरीच्या छातीत जाऊन बसतात. दरवर्षीचंच. चौथ्या वर्षी तिला दमा निघाला तेव्हापासूनचं.

“औषध!”

हे पाकीट उर्वीनं आधीपासून मांडीवर धरून ठेवलेलं होतं. तिनं ते उलटं केलं नाही. आत हात घालून नोटा बाहेर काढल्या आणि एकेक करून मांडल्या. “पाचशेऐंशी.”

“काय सांगतेस! औषध पास? सलग तिसऱ्यांदा?” केदारनं टाळ्या वाजवल्या. वल्लरीनंही वाजवल्या. ऑगस्टपर्यंत औषध कधी म्हणजे कधी पास झालेलं नव्हतं. नौपाड्यातलं ते स्वस्त औषधांचं दुकान सापडलं आणि फरक पडला, हे तिच्या मनानं केव्हाच ठरवून टाकलेलं. तिनं पोरीला जवळ ओढलं, गालाचा पापा घेतला. “शहाणं गं माझं औषधाचं पाकीट ते!”

उर्वीचे कान लाल झाले. ती इतकी खूश झाली की तिला पुन्हा खोकला आला.

मग तिघं फ्रिजपाशी गेली. तिथं केदारनं आलेखाच्या कागदावर काढलेलं घर चिकटवलेलं होतं, तीनशे सत्तर विटांचं. मुद्दलातले दहा हजार फिटले की एक वीट. त्या दिवशी उर्वीनं लाल खडूनं तीन विटा रंगवल्या. एकशेबासष्टावी, एकशेत्रेसष्टावी, एकशेचौसष्टावी.

या विटांमागे एक दुपार होती. कर्ज घेतलं ते वीस वर्षांचं, चाळीस लाखांचं. तीन वर्षं एकही हप्ता न चुकवता भरल्यावर वल्लरी सहज म्हणून बँकेत खात्याचा उतारा आणायला गेलेली. विसातली तीन गेली, सतरा उरायला हवीत. कागदावर उरली होती पंचवीस.

“हे चुकलंय,” ती काउंटरवरच्या मुलाला म्हणाली.

“नाही मॅडम. व्याजदर वाढले ना मधे. हप्ता नाही वाढवला आम्ही तुमचा, मुदत वाढली. आपोआप वाढते ती.”

आपोआप. रात्रीतून वाढणाऱ्या गवतासारखी. तो शब्द पुढे तिच्या डोक्यातून कधी गेलाच नाही. कारण तिला एक दार आठवलं. डोंबिवलीतलं, तिच्या बाबांच्या घराचं. ती तिसरीत असताना शाळेतून आली तर त्या दारावर एक कागद चिकटवलेला. खळ अजून ओली होती, कडीवर ओघळली होती. बाबांनी छापखान्यासाठी घर गहाण टाकलेलं आणि छापखाना बसला, हे तिला पुष्कळ मोठेपणी कळलं. तेव्हा एवढंच कळलं, की कडीला हात लावला तर हात चिकट होतो आणि आई म्हणते, लावू नकोस.

त्या दुपारनंतर पाकिटं आली. शनिवारी डोंबिवलीला जाऊन तीन दुकानांचे हिशेब लिहायचं जादा काम आलं. घरात येणाऱ्या प्रत्येक वस्तूवर, शाम्पूच्या बाटलीपासून गॅसच्या सिलिंडरपर्यंत, उघडल्याची तारीख मार्करनं लिहायची सवय आली. आणि उर्वी दहाची व्हायच्या आत घर आपलं करायचं, हा हट्ट आला.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात खोकला वाढला. उर्वी जिना चढताना मधल्या मजल्यावर थांबायला लागली. विचारलं तर म्हणायची, “बूट सैल झालाय,” आणि वाकून घट्टच असलेला बूट घट्ट करायची.

“पंप घेतलास?” वल्लरी डबे भरता भरता विचारायची.

“घेतला.”

रोजचा पंप नारिंगी होता. सकाळी दोन दाब, संध्याकाळी दोन, नळकांड्याला लावून ओढायचे. निळा पंप अडीअडचणीचा, अचानक दम लागला तर. गेल्या वर्षापर्यंत वल्लरी स्वतः समोर बसून द्यायची. यंदा उर्वी दुसरीत गेली, आपलं आपण घ्यायला लागली आणि सकाळची सहा मिनिटं वाचली. संध्याकाळचा ती गोदाकाकूंकडे घ्यायची. गोदाकाकू याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहत. इमारत उभी आहे ती जमीन त्यांच्या सासऱ्याची. कधीकाळी तिथं मिठागर होतं. शाळा सुटल्यावर उर्वी त्यांच्याकडे असायची, आणि त्याचे पैसे देऊ केले तेव्हा काकूंनी वल्लरीशी आठ दिवस बोलणं टाकलेलं.

औषध वेळेवर चाललंय आणि दमा वाढतोय. याचा अर्थ काय, हा विचार वल्लरीला भाजी चिरताना यायचा, लिफ्टमध्ये यायचा. ती उर्वीच्या गळ्याखालचा खळगा बघत बसायची. तो श्वासागणिक आत जातो का? जरा जातोय का? की आपल्यालाच वाटतंय?

नौपाड्यातल्या डॉक्टर सुमतीबाईंनी उर्वीच्या पाठीवर स्टेथोस्कोप ठेवला तो बराच वेळ काढला नाही. चाळीस वर्षं मुलं तपासणाऱ्या बाई. त्या बोलत नसल्या की भीती वाटायची.

“पंप नियमित आहे ना?”

“एकही वेळ चुकत नाही, डॉक्टर.”

“आणलाय? दाखवा पाहू.”

वल्लरीनं पिशवी धुंडाळली. “उर्वी, तुला ठेवायला सांगितलेला ना गं पिशवीत?”

“राहिला,” उर्वी म्हणाली. ती भिंतीवरच्या जिराफाकडे बघत होती.

सुमतीबाईंनी चष्मा काढला. “हे पाहा, औषध वेळच्या वेळी पोटात... म्हणजे छातीत जात असूनही अशी शिट्टी वाजत असेल, तर मला ते आवडलेलं नाही. आठवडाभर हेच चालू ठेवा. उतार पडला नाही तर तपासण्या करू, औषध एक पायरी वर नेऊ. आणि एक नीट लक्षात ठेवा. बोलताना तिचं वाक्य तुटायला लागलं, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाताना दिसली, की मला फोन करत बसायचं नाही. सरळ हॉस्पिटल गाठायचं.”

परत येताना रिक्षात उर्वी विचारत होती, “आई, वरची पायरी म्हणजे महाग असते का?”

“तुला काय करायचंय त्याच्याशी?” वल्लरी म्हणाली, आणि त्याच क्षणी तिला कळलं की ती स्वतःही मनात तेच करत होती. कुठल्या पाकिटातून. तिला स्वतःची इतकी शिसारी आली, की तिनं पोरीचा हात घट्ट धरला. “आई, दुखतंय,” उर्वी म्हणाली.

पुढच्या शनिवारी, तेरा तारखेला, वल्लरी डोंबिवलीत फडके रोडजवळच्या साडीच्या दुकानात पोटमाळ्यावर बिलं लावत बसलेली होती. दुपारचे अडीच वाजले होते. गोदाकाकूंचा फोन आला.

“बाय, घाबरू नको हां.”

या चार शब्दांनीच ती उठून उभी राहिली.

“काय झालं काकू?”

“पोरीला दम लागलाय. निला पंप दोनदा दिला, तरी उतरं नाय. मना सांगत होती, आजी मला... एवढाच बोलली नि पुढचा बोलवं नाय तिला. आमच्या हर्षितनं गाडी काढलीय. आमी नेतू तिला ढोकाळीला, हॉस्पिटलात. तू ये. धावत नको येऊ, पर ये.”

वाक्य तुटायला लागलं की. वल्लरीला सुमतीबाईंचा आवाज स्पष्ट ऐकू आला.

ती चपला हातात घेऊन पोटमाळ्याची शिडी उतरली. दोन वर्षांत तिनं एकटीसाठी टॅक्सी कधी बोलावली नव्हती. ते ॲप नव्यानं सुरू करताना त्यानं पासवर्ड मागितला आणि तो तिला आठवेना. दुकानाच्या मालकांनीच रस्त्यात आडवं उभं राहून एक गाडी थांबवली.

“ढोकाळी. लवकर. मुलगी... लवकर.”

“मोठागावच्या पुलावरून घेतो, ताई,” ड्रायव्हर म्हणाला. “बसा तुम्ही.”

केदारला फोन लागला. तो वागळे इस्टेटमधल्या ऑफिसातून निघालेला होता. “मी जवळ आहे, मी पोचतो. हर्षित सांगतोय डॉक्टर चालू औषधं बघायला मागतायत. घरून पंप आणि फाइल घेऊन जातो. वल्ली, ऐकतेयस ना?”

“ती बोलतेय का?”

“मी अजून...”

“केदार, ती बोलतेय का ते विचार.”

पुलावर गाडी आली. खाली खाडी होती, दुपारच्या उन्हात शिशासारखी निपचित. वल्लरीला काहीच दिसत नव्हतं. ती स्वतःचा श्वास मोजत होती. आपण एक घेतो तेवढ्यात पोर किती घेत असेल? तीन? चार? आणि चौथा अर्ध्यात अडकत असेल का? जन्मली तेव्हा ही रडायला उशीर करत होती. किती सेकंद, कोण जाणे. तेव्हाही अशीच शांतता होती. तिनं कुठल्या देवाचं नाव घ्यावं ते ठरेना, म्हणून नुसतंच “घे गं, घे गं, घे” म्हणत राहिली. ड्रायव्हरनं आरशातून एकदा पाहिलं आणि गाणी बंद केली.

माजिवड्याला गाडी अडकली. हलेना. पुढे, मागे, शेजारी नुसती टपं. मीटरचा आकडा तिच्या डोळ्यांसमोर पळत होता आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला तो वाचता येत नव्हता.

हॉस्पिटलच्या पहिल्या मजल्यावर, पडद्यामागे, उर्वी उशांना टेकून बसलेली होती. तोंडावर वाफेचा मास्क. ओठ फिके, केस कपाळाला चिकटलेले. मानेचा तो खळगा श्वासागणिक इतका आत जात होता, की वल्लरीला वाटलं तिथं बोट ठेवलं तर मागच्या उशीला लागेल. पण डोळे उघडे होते. आई दिसल्यावर उर्वीनं मास्कच्या आतून काहीतरी म्हटलं.

“बोलू नको, राजा. बोलू नको. मी आहे.”

गोदाकाकू पायांशी बसल्या होत्या, उर्वीची दोन्ही पावलं पदरात घेऊन. त्यांचा थोरला, हर्षित, दाराशी उभा होता. केदार आत्ताच पोचलेला, दम टाकत, हातात फाइल आणि प्लास्टिकची पिशवी.

तरुण डॉक्टरीण आली. “आई ना तुम्ही? रोजचं औषध नियमित चालू आहे?”

“हो,” वल्लरी म्हणाली. “रोज. चुकत नाही.”

“नक्की? कारण रोजच्या डोसवर असताना एवढा मोठा अटॅक आला, तर मला पुढचं वेगळं ठरवायला लागेल. हा दमा साधा नाही, असं धरून.”

साधा नाही. वल्लरीनं काहीतरी धरायचं म्हणून केदारच्या हातातली पिशवी घेतली. नारिंगी पंप तिच्या तळहातावर आला. त्याच्या अंगावर तिच्याच अक्षरात मार्करनं तारीख होती, ६/११. पाठीमागं एक इवलीशी खिडकी असते, त्यात किती दाब उरले तो आकडा दिसतो.

हिशेब करायला तिला वेळ लागायचा नाही कधी. भरलेल्या पंपात एकशेवीस. रोजचे चार. सहा नोव्हेंबरला उघडला म्हणजे तीस दिवसांत, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच, संपायला हवा. आज तेरा.

खिडकीत आकडा होता ५२.

तिला वाटलं, पंप बिघडलाय. मग वाटलं, आपण तारीख चुकीची लिहिली. मग तिनं उर्वीकडे पाहिलं. उर्वी पंपाकडे बघत होती. मास्कच्या वर तिचे डोळे, चोरी पकडली गेल्यासारखे.

“नाही,” वल्लरी डॉक्टरला म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू येईना. “नियमित नव्हतं. निम्मंही नव्हतं. मला... मला आत्ता कळतंय.”

तिला वाटलं डॉक्टरीण आता फाडून खाईल. पण तिनं पंप हातात घेतला, आकडा पाहिला आणि तिचे खांदे जरा सैल झाले. “मग बरं झालं, ताई. म्हणजे वाईटच, पण बरं. औषध लागू पडत नाही असं नाहीये. ते पोचतच नव्हतं.” आणि ती नर्सला काहीतरी सांगत गेली.

केदार भिंतीला टेकला. “मी दर वेळी दुकानात जाण्याआधी तिला विचारायचो. पंप संपला का? म्हणायची, आहे अजून बाबा. मला वाटायचं तू बघतेस.”

“मला वाटायचं दुकान स्वस्त आहे,” वल्लरी म्हणाली.

दुसऱ्याच्या दुकानात तीनशे रुपये जास्त निघाले तर ती चार तास बिलं उलथीपालथी करायची. जास्त का, हे कळल्याशिवाय उठायची नाही. कमी पडण्यापेक्षा जास्त निघणं वाईट, असं ती त्या मालकांना शिकवायची. आणि घरच्या पाकिटात तीन महिने जास्त निघाले तर तिनं टाळ्या वाजवलेल्या.

गोदाकाकू उर्वीची पावलं न सोडता म्हणाल्या, “मनाबी बोलायची, घेतला आजी, आत जाऊन घेतला. मी अडाणी, मना काय तो आकडा कलतो? पर तुमी दोगं शिकलेली ना गो? भिंतीवरच्या इटा रंगवता. आमचा मीठ पिकायचा तिथं तुमचा घर उभा राहिलाय. जमीन गेली, मिठागर गेला, तरी आमी हाव ना? पोर...” त्यांनी तोंडावर पदर घेतला. “जाऊ दे. काय बोलाचा नाय मना.”

“बोला काकू,” वल्लरी म्हणाली.

काकू पुन्हा उर्वीची पावलं चोळायला लागल्या.

साडेपाचला मास्क काढला. खळगा आता थोडाच आत जात होता. केदार खाली पैसे भरायला गेला होता. घरून पिशवी भरताना त्यानं घाईघाईत जाड खाकी पाकीटही खिशात घातलेलं, ते घेऊन. काकू चहाला गेल्या होत्या. वल्लरी पलंगावर चढून उर्वीच्या शेजारी बसली. विचारायचं नाही, आज तरी नाही, असं तिनं ठरवलेलं. उर्वीनंच सुरू केलं.

“आई, मी वाया नाही घालवला. मी सकाळचा एक घ्यायचे. कधी कधी दोन. खोकला आला की दोन.”

“बरं.”

“बावन्न वाचलेत.”

वल्लरीनं तिच्या केसांत तोंड लपवलं. केसांना औषधाचा वास येत होता.

“का गं पण, राजा?”

“ते नेहमी नापास व्हायचं ना.” उर्वीचा श्वास अजून मधेच लहान होत होता. “बाबा म्हणालेले ना, औषध पुन्हा नापास, आता पालकांना बोलवा. तुम्ही हसलात. पण ते... ते माझं पाकीट आहे. दुधाचं सगळ्यांचं आहे. ते माझं एकटीचं आहे.”

वल्लरीला तो जुलैचा रविवार आठवला. खरंच हसली होती ती. खूप.

“आणि घर लवकर नाही झालं तर दारावर कागद लावतात ना?”

“कुणी सांगितलं तुला?”

“तू बाबांना सांगत होतीस. मी चित्र काढत होते. कडीला हात लावायचा नसतो. मग कुठे जायचं, ते तू सांगितलंच नाहीस.”

पडद्यापलीकडे कुणाचं तरी बाळ रडत होतं, ताज्या दमानं, भरपूर हवा घेऊन. वल्लरी ते ऐकत राहिली. मग कुठे जायचं. तीस वर्षं ती स्वतः त्या दारापाशीच उभी होती. पुढे काय झालं ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. आपल्यालाही नाही.

“कळव्याला,” ती म्हणाली. “आम्ही कळव्याला गेलो. टेम्पोतून. एक खोली होती भाड्याची. आजोबा टेम्पोत पुढं बसलेले आणि मी मागं, गादीवर. पहिल्या दिवशी गॅस नव्हता तर आजीनं शेजारच्यांकडे जाऊन पोळ्या केल्या. त्या शेजारणीला मांजर होतं, त्यानं एक पोळी पळवली.”

“मग?”

“मग काही नाही. बाकीच्या आम्ही खाल्ल्या. मी शाळेत गेले. मोठी झाले.”

“रडलीस?”

“रडले ना. पण गेलो आम्ही. कागद लागला तरी जाता येतं, उर्वी. माणसं सगळी असली की जाता येतं.” तिचा आवाज फाटला. “तू मात्र हवीस. कुठल्याच विटेसाठी मी तुझ्यावरचे पैसे वाचवणार नाही. कळलं का तुला? श्वासात काटकसर नाही करायची. कध्धी नाही.”

उर्वीनं विचार केला. “मग औषध नापास झालं तर?”

“औषधाला परीक्षाच नाही आजपासून. त्याचं नाव कापलं शाळेतून.”

“बाबांना विचारायला लागेल. ते हेडमास्तर आहेत.”

“बाबांना मी बघते.”

उर्वी हसली, आणि वल्लरीनं कान टवकारले. पण खोकला आला नाही.

दोन दिवसांनी घरी सोडलं. खाकी पाकीट रिकामं झालेलं होतं. विम्याचे पैसे पुढे मागे मिळायचे होते, ते कागद केदार भरत होता. महिनाअखेरीस रंगवायला एकही वीट नव्हती. केदार फ्रिजपाशी उभा राहून म्हणाला, “काढून टाकू का हे?”

“राहू दे,” वल्लरी म्हणाली. “कर्ज आहे तर आहे. फेडू. दहाव्या वर्षी नाही, तर तिच्या अकरावीत फिटलं तरी चालेल.”

निकालही लागला त्या रविवारी, सात पाकिटांचा. रिक्षा पुन्हा नापास झाली आणि हेडमास्तरांनी मांडीला दोष दिला. पण भीती काही गेली नव्हती. ती आता वल्लरीच्या अंगातच राहायला आली होती, भाडं न देता. लिफ्ट बंद असली की ती उर्वीच्या मागून जिना चढायची आणि मधल्या मजल्यावर बूट बघायची. समोरच्या टॉवरवर सिमेंटचा ट्रक लागला की खिडक्या लावायची. बँकेचा संदेश मोबाइलवर वाजला की अजूनही तो ‘आपोआप’ आठवायचा. फक्त आता त्याच्या आधी कान उर्वीच्या खोलीकडे जायचे.

सकाळची ती सहा मिनिटं तिनं परत घेतली. डबे राहिले तर राहू देत. दोघी पलंगाच्या कडेला समोरासमोर बसायच्या. नवा पंप होता, त्यावर तारीख होती आणि रोज दोघींनी मिळून खिडकीतला आकडा वाचायचा होता. उर्वीला सुरुवातीला तो खाली जाताना बघवायचा नाही. एकशेआठ झाले, एकशेचार झाले, की तिचा चेहरा पडायचा. मग वल्लरी टाळ्या वाजवायची.

“कमी होतायत आणि तू टाळ्या वाजवतेस!”

“हो. हे खर्चायचेच आहेत. शून्य झाले की पास.”

“शून्य झाले की पास?” उर्वीला हे भलतंच उलटं वाटलं. पण तिनं नळकांडं तोंडाला लावलं, दाब दिला, सावकाश आत ओढलं आणि ओठ मिटले. दहा आकडे श्वास धरायचा असतो. वल्लरी बोटांवर मोजत होती. एक. दोन. तीन. मुलीची छाती वर येऊन थांबली होती. चार. पाच. वल्लरीचेही ओठ मिटलेले होते. सहा. आत गेलं ना? सात. सगळं गेलं ना? आठ. खळगा स्थिर आहे. नऊ. दहा.

उर्वीनं श्वास सोडला. भरपूर, लांब, शिट्टी नसलेला. मग तिनं आईकडे पाहिलं आणि तिच्या दंडावर चापट मारली.

“आई, दहा झाले. तू पण सोड ना.”